वेलांटीकाकांनी केलेली दुरुस्ती

बुधवारी सकाळी पावणेदहाच्या सुमाराला पिकअपचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, आणि वेलांटीकाकांच्या पायाखालची जमीन ब्रेक आणि क्लचसकट सरकली.

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, किल्ली काढली आणि वीस पावलं लांब जाऊन उभे राहिले. स्फोट झालाच तर निदान एक साक्षीदार शिल्लक राहावा, असा त्यात विचार होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. धूर नाही, वाफ नाही, आवाजही नाही. एक कुत्रं आलं, त्याने पुढच्या चाकाची चौकशी केली आणि ते निघून गेलं. काका मात्र घामाने निथळत होते. काटा लाल होता. लाल रंगाचा अर्थ काय, हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती.

काका म्हणजे शालेय पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यातले मुद्रितशोधक. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन्सिलीने गोल काढण्यात गेलेला. गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. सोसायटीच्या फलकावर सूचना लागली, की तासाभरात तिच्यावर दोन-चार लाल गोल उमटायचे. एकदा तर पाणी कपातीच्या सूचनेत इतक्या वेलांट्या ऱ्हस्वाच्या दीर्घ झाल्या, की कपात नेमकी कधी आहे ते कुणाला वाचता आलं नाही आणि अर्धी इमारत साबण लावलेल्या अवस्थेत अडकली. तेव्हापासून ते सगळ्यांचे वेलांटीकाका. त्यांना हे नाव आवडत नसे, पण लिहिताना लोक ते शुद्ध लिहितात, एवढं समाधान होतं.

पिकअप त्यांची नव्हे, काकूंची. बाल्कनीतल्या बारा कुंड्यांपासून सुरुवात करून काकूंनी गावाच्या कडेला रोपवाटिका उभी केली होती. काका निवृत्तीनंतर तिथे जायचे, रोपांच्या पाट्या तपासायचे आणि अधूनमधून गाडी चालवायचे. येत्या शनिवारी नव्या रुग्णालयाचं अंगण रुग्णांसाठी खुलं व्हायचं होतं आणि तिथे एकशे ऐंशी कुंड्या दहाच्या आत पोचवायच्या होत्या. एवढं मोठं काम काकूंना पहिल्यांदाच मिळालं होतं. गेले तीन महिने काकू या कुंड्यांशी पोटच्या पोरांसारख्या वागत होत्या. पोटच्या पोरांशी त्या इतक्या गोड कधीच वागल्या नव्हत्या, असं त्यांच्या मुलीचं मत होतं.

काका चालत घरी आले आणि सोफ्यावर बसून बातमी सांगितली. काकूंनी विचारलं, वाफ आली का? नाही. जळका वास? नाही. मग झालं काय? काटा लाल झाला, काका म्हणाले. काकूंनी लगेच मेकॅनिकला फोन लावला. तो सोमवारपर्यंत मोकळा नव्हता. काकू म्हणाल्या, ठीक आहे, शनिवारपुरता टेंपो सांगू.

टेंपो हा शब्द काकांच्या जिव्हारी लागला. घरात धडधाकट पुरुष बसलेला असताना परका टेंपो. त्यांनी जाहीर केलं, की चूक कुठलीही असो, शांतपणे ओळीने वाचत गेलं की सापडते. इंजिन हाही शेवटी एक मजकूरच आहे. काकू काही बोलल्या नाहीत. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी न बोलण्याचे चार-पाच प्रकार तयार केले होते. हा त्यातला दुसरा होता.

गाडी थंड झाल्यावर काकांनी ती हळूहळू सोसायटीच्या आवारात आणली. येताना काटा शहाण्यासारखा मधोमध राहिला आणि फाटकातल्या उंचवट्यावर गाडी धडकन आपटली तसा पुन्हा लाल झाला. दुपारभर काकांनी गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक वाचलं. साठ पानांत एक्केचाळीस मुद्रणदोष निघाले. तापमानाच्या प्रकरणात तर 'झाकण' ऐवजी 'झाकन' छापलं होतं, तेही तीनदा. इतक्या अशुद्ध पुस्तकावर तयार झालेली गाडी तापणार नाही तर काय होईल, असं त्यांना वाटलं. पुस्तकात जाड अक्षरात दिलेली सूचना, की इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये, काकांनी दोनदा वाचली. पण एकदा 'झाकन'साठी आणि एकदा स्वल्पविरामासाठी. अर्थासाठी वाचायची राहून गेली.

पाचच्या सुमाराला पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले शेजारी खाली उतरले. यांना सगळे पाणीवाले म्हणत. जगातली कुठलीही अडचण शेवटी नळातली अडचण असते, अशी त्यांची श्रद्धा होती. स्वतःच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं तेव्हासुद्धा ते दाब कमी पडतोय म्हणाले होते. त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं, दोन नळ्यांवर टिचक्या मारल्या आणि सांगितलं, की पाण्यात हवा अडकली आहे. इंजिन दहा मिनिटं चालवायचं, मग झाकण उघडून हवा मोकळी करायची. ते इतक्या अधिकाराने बोलले, की काकांनी माहितीपुस्तक मिटलं. इंजिन चालवलं. टॉवेल घेतला. झाकण अर्धं फिरवलं.

पुढे जे झालं त्याचं वर्णन काका आजही बसल्याशिवाय करत नाहीत. झाकण हातातून निसटून गेलं आणि कूलंट मिसळलेल्या हिरव्यागार पाण्याचा एक उंच फवारा आकाशाकडे निघाला. पाणीवाले वयाला न शोभणाऱ्या वेगाने जिन्यात पोचले. काका टॉवेलसकट मागे पडले, म्हणून बचावले. फवारा क्षणभर वरच थबकल्यासारखा दिसला आणि मग वाऱ्याबरोबर वळून तळमजल्याच्या दोरीवर पडला. दोरीवर सोसायटीच्या सेक्रेटरींचे कपडे वाळत होते. सेक्रेटरी फक्त पांढरे कपडे घालायचे.

दोरीवरून हिरवे थेंब टपकू लागले. मग सेक्रेटरी बाहेर आले. त्यांनी आधी दोरीकडे, मग गाडीकडे, मग जमिनीवर बसलेल्या काकांकडे पाहिलं. ते रागावले असते तर काकांना बरं वाटलं असतं. ते आत गेले आणि नियमांची वही घेऊन आले. नियम चौदा: आवारात वाहनदुरुस्ती करण्यास लेखी परवानगी आवश्यक. सेक्रेटरी ज्या सूचना लावत त्यांवर लाल गोल काढणारा हात आज त्यांच्या तावडीत आला होता. त्यांनी काकांना अर्ज दिला आणि सांगितलं, की कार्यालय गुरुवारी सहा ते सात उघडं असतं.

अर्ज घरदुरुस्तीचा होता. वाहनदुरुस्तीचा अर्ज आजवर कुणी मागितलाच नव्हता, म्हणून छापलेला नव्हता. भिंत पाडणार का, असा एक रकाना होता. काकांनी 'नाही' लिहिलं. मजला कितवा? काकांनी विचार करून 'चाकांवर' लिहिलं. खालच्या मजल्यावरील रहिवाशाची संमती, या रकान्याशी ते बराच वेळ बसून राहिले. गाडीखाली जमीन होती. जमीन सोसायटीची. सोसायटीतर्फे सही करणार सेक्रेटरी. म्हणजे सेक्रेटरींची परवानगी मागायला आधी सेक्रेटरींची संमती हवी होती. काकांना हे सगळं अन्यायाचं वाटलं, पण वाक्यरचना निर्दोष असल्यामुळे त्यांना त्यावर काही बोलता येईना.

गुरुवारी सहा वाजता ते रांगेत पहिले होते. रांगेत दुसरं कुणी नव्हतं. सेक्रेटरींनी अर्ज हातात घेतला, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, आणि खिशातून लाल पेन काढलं. सेक्रेटरींनी अर्जाच्या मधोमध एक सुबक गोल काढला आणि कागद त्यांच्याकडे फिरवला.

"दुरुस्तीतला रु ऱ्हस्व ना, काका?"

काकांनी पाहिलं. घाईघाईत, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, 'दुरूस्ती' लिहिलेलं होतं. सदतीस वर्षं. सदतीस वर्षं त्यांनी हा रु हजारो ठिकाणी ऱ्हस्व केला होता. त्यांना खोलीतली हवा कमी झाल्यासारखी वाटली. फवाऱ्याने झालं नव्हतं ते या एका गोलाने झालं. सेक्रेटरींनी चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता परवानगी दिली, शुक्रवार, दहा ते पाच. काका घरी आले आणि न जेवता झोपले. काकूंनी दोनदा विचारलं. ते फक्त एवढंच म्हणाले, की दिवस वाईट आले आहेत.

शुक्रवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर दवाखान्यात जाता जाता थांबले. गाडी उघडी दिसली की त्यांना थांबावंच लागे, कारण काहीही उघडं दिसलं की आत डोकावायची त्यांना सवय होती. त्यांनी तोंडातल्या तोंडात हं हं केलं आणि निदान सांगितलं. थर्मोस्टॅट गेलाय. इंजिन तापलं की पाण्याला वाट मोकळी करून देणारी ही छोटी झडप; ती अडकली की संपलं. काढायचा आणि नवा बसवायचा, ते म्हणाले, आणि जाता जाता सवयीने पुढे जोडलं, की अजिबात दुखणार नाही.

काढताना खरंच दुखलं नाही. जुना थर्मोस्टॅट दिसायला ठणठणीत होता, पण दात काढल्यावर तो हातात घेऊन बरा होता की वाईट हे कुणी पाहत नाही. काकांनी बाजारातून नवा आणला. तो हातात घेतल्यावर एक बारीकसा प्रश्न उभा राहिला. एका बाजूला स्प्रिंग होती, दुसरी बाजू सपाट होती. स्प्रिंग आत की बाहेर? जुना काढताना हे पाहायचं राहिलं होतं. माहितीपुस्तकात आकृती होती, पण आकृती क्रमांक बारा आणि तेरा यांच्याखालच्या ओळी उलटसुलट छापल्या होत्या, हे काकांनी स्वतःच बुधवारी शोधून काढलं होतं. तेव्हा त्यांनी बुद्धी चालवली. स्प्रिंग आत ठेवली तर दिसणार नाही आणि न दिसणाऱ्या वस्तूवर लक्ष कसं ठेवायचं? त्यांनी ती बाहेरच्या तोंडाला ठेवली. मग सगळे बोल्ट एकेक करून आवळले, पुन्हा तपासले, पुन्हा आवळले. बोल्ट आवळताना त्यांना छापखान्यात शेवटचं पान तपासून सही करताना वाटायचं तसं वाटलं. रेडिएटर काठोकाठ भरला. पावणेपाच वाजता किल्ली फिरवली.

काटा थेट लाल पट्ट्यात.

काकांनी किल्ली बंद केली. पुन्हा फिरवली. लाल. पाच वाजता सेक्रेटरी मनगटावरचं घड्याळ बघत बाहेर आले आणि काकांचा चेहरा पाहून आल्या पावली आत गेले. ही सहानुभूती काकांना सहन झाली नाही. रात्रीच्या जेवणाला त्यांनी काकूंना सांगितलं, की टेंपो बोलवा. काकूंनी तासभर फोन केले. शनिवारसाठी एकही टेंपो शिल्लक नव्हता.

शनिवारी सकाळी सहा वाजता काकू खाली उतरल्या. रुग्णालयापर्यंत किती फेऱ्या रिक्षाने होतील, याचा हिशोब त्या करत होत्या. काका मागोमाग आले, हात मागे बांधून, अपराध्यासारखे. काकू पिकअपमध्ये बसल्या. इंजिन चालू न करता त्यांनी किल्ली अर्धी फिरवली, दिवे तेवढे लागावेत म्हणून. काटा सरळ लाल पट्ट्यात गेला.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खाली उतरल्या, बॉनेट उघडलं आणि हाताचा सबंध पंजा इंजिनवर ठेवला. इंजिन रात्रभर उभं होतं. दगडासारखं गार होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "इंजिन सुरूच केलेलं नाही. मग तापलंय काय?"

तीन दिवस काकांनी काट्यावर छापलेल्या लाल रंगावर विश्वास ठेवला होता आणि एकदाही इंजिनला हात लावून पाहिला नव्हता. ते पुढे झाले. काट्याकडे जाणारी तार कुठून निघते हे त्यांनी शोधलं आणि ओळीखाली बोट ठेवून वाचावं तसं तिच्यावरून बोट फिरवत गेले. आणि इथे मात्र त्यांचा जन्मभराचा सराव कामाला आला. एका वळणावर, लोखंडी पट्टीशी घासून, तारेचं प्लॅस्टिक बोटभर निघालं होतं. उघडी तार इंजिनला टेकली की काटा लाल. धक्का बसला की टेकायची. काल थर्मोस्टॅट बदलताना काकांनी ती बाजूला सारली होती, तेव्हापासून कायमची टेकून बसली होती. काकूंनी पिशवीतून कलमं बांधायची पट्टी काढली आणि तार चार पदरी गुंडाळली. किल्ली फिरवली. काटा शून्यावर झोपला.

काका फाटकाच्या कट्ट्यावर बसले. म्हणजे इंजिन कधी तापलंच नव्हतं. बुधवारचा तो फवारा हा एका निरोगी इंजिनाचा, गरम असताना झाकण उघडल्याबद्दलचा रास्त संताप होता. हिरवे कपडे, अर्ज, तो रु, सगळं एका निर्दोष गाडीसाठी. धक्का इतका मोठा होता, की आपण काल त्या निर्दोष गाडीत काय बसवलं आहे, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही.

साडेसातला रोपवाटिकेत कुंड्या चढल्या. काकू चालवत होत्या, काका शेजारी. निम्मा रस्ता मजेत गेला. मग काटा हळूहळू वर सरकू लागला. काकूंनी विचारलं, थांबू का? काका हसले. जो काटा सलग तीन दिवस खोटं बोलला त्याचं आज ऐकायचं कारण नाही, ते म्हणाले. पट्टी थोडी सैल झाली असेल, एवढंच. काटा लाल पट्ट्याला टेकला. काकूंनी पुन्हा विचारलं. काकांनी एकदा फसलेल्या माणसाने पुन्हा त्याच ठिकाणी का फसू नये, यावर बोलायला सुरुवात केली. वाक्य मोठं होतं. ते क्रियापदापर्यंत पोचायच्या आत बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी पांढरी वाफ उसळली आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला.

काकूंनी किल्ली बंद केली आणि गाडी उतारावरून सोडत कडेला लावली. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. साडेआठ वाजले होते. रुग्णालयाचं फाटक समोर दिसत होतं, चालत दहा मिनिटांवर. मागे एकशे ऐंशी कुंड्या.

काकू उतरल्या, मागची फळी पाडली आणि एक कुंडी उचलून चालू लागल्या. काकांनी एक उचलली. सकाळच्या तपासणीची वेळ होती. रस्त्यावरून माणसं रुग्णालयाकडेच चालली होती. पहिल्यांदा एका परिचारिकेने विचारलं, कुठे न्यायच्या? अंगणात, काकू म्हणाल्या. तिने दोन उचलल्या. मग तिच्या मागच्या बाईने. मग पाठ दुखते म्हणून डॉक्टरांना दाखवायला निघालेल्या एका गृहस्थांनी, त्यांची बायको नको नको म्हणत असताना. कुणाला बोलवावं लागलं नाही. थोड्या वेळाने त्या रस्त्यावरून पानांची एक लांबलचक ओळ चालत होती आणि पानांखाली फक्त पाय दिसत होते. पावणेदहाला गाडीत एकच कुंडी उरली होती.

तोवर रुग्णवाहिकांची देखभाल करणारा मेकॅनिक हातात पाना घेऊन फाटकातून आला होता. त्याने इंजिन गार होऊ दिलं, पाणी काढलं, आणि थर्मोस्टॅटवरच्या झाकणाचे बोल्ट सोडून तो दोन बोटांत धरून वर काढला. त्याने तो उजेडात फिरवून पाहिला. मग काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"हा उलटा बसवलाय. गरम पाण्याला वाटच नाही. कुणी बसवला?"

काकांच्या कानशिलांतून वाफ निघायची तेवढी बाकी होती. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत शेजारून काकूंचा आवाज आला.

"मी," काकू म्हणाल्या. "मला यातलं कळत नाही."

काका गर्रकन वळले. तीन दिवसांत बरंच काही अंगावर आलं होतं. पण असं काही नव्हतं. काकू मेकॅनिककडे बघत होत्या, शांतपणे, जणू काही झालंच नाही. त्यांच्या हाताला ओल्या मातीचे पट्टे होते. ज्या बाईने सकाळी नुसत्या तळव्याने खरा दोष ओळखला होता ती कळत नाही म्हणत होती.

"नाही," काका म्हणाले. "मी बसवला. यांना सगळं कळतं. गाडी यांची आहे. चूक माझी."

हे शेवटचे दोन शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एका ओळीत उच्चारले होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

मेकॅनिकला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. त्याने थर्मोस्टॅट सरळ करून बसवला, बोल्ट पुन्हा घट्ट केले आणि कपाळ पुसत म्हणाला, की कुणी का बसवला असेना, इतके एकसारखे आवळलेले बोल्ट त्याने बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

काकांनी गाडीत उरलेली शेवटची कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि ती छातीशी धरून, ताठ मानेने, काकूंच्या मागोमाग रुग्णालयाच्या फाटकाकडे चालू लागले.